पृथ्वीच्या पोटातील ऊब आणि तिच्यापासून होणारी वीज

कोकणपट्टीतील एका गावच्या उपदेशक बंधूंचे पत्र नुकतेच आम्हांस आले आहे. त्यांच्या गावाजवळ ऊन पाण्याचे झरे आहेत, आणि तेथील लोक त्या जागेस 'उन्हाळे' म्हणतात. परदेशी अशा ऊन पाण्यापासून वीज करतात, ही वार्ता गावात आल्यापासून चावडीवर दुसरा विषय नाही. कोणी म्हणतो, आता आपणांस फुकट वीज मिळणार. कोणी म्हणतो, जमिनी जाणार, तेव्हा येईल त्या भावाने आजच विकून मोकळे व्हावे. कोणी म्हातारा म्हणतो, खाली ज्वालामुखी निजला आहे, त्यास डिवचाल तर गाव भस्म होईल. एका कुटुंबाने तर झऱ्यालगतचे आपले भाताचे खाचर विकण्याची बोलणीही चालविली आहेत. बंधू विचारतात: पाण्यास ही ऊब येते कोठून? तिच्यापासून वीज होते कशी? आणि होत असेल तर आमच्या गावी आजवर का झाली नाही?

हे तीन प्रश्न त्यांच्या एकट्याचे नाहीत. ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. रायगडातील उन्हेरे व सव. रत्नागिरीतील उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी व राजापूर. आणि खानदेशातील उनपदेव ही नावे आमच्या पुष्कळ वाचकांच्या ओळखीची आहेत. 'ऊन' म्हणजे गरम हा शब्द ह्यांतल्या कित्येक नावांतच वसला आहे. म्हणून ह्या अंकी आम्ही ह्याच विषयाचा पाठ देत आहो. वाचकांनी तो सावकाश वाचावा, आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांस वाचून दाखवावा.

१. ऊब येते कोठून?

जमिनीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढत जाते. पुष्कळ ठिकाणी दर किलोमीटर खोलीस २५ ते ३० अंश सेल्सिअस वाढ होते. कोठे कमी, कोठे फार जास्त. कर्नाटकातील कोलारची सोन्याची खाण २००१ साली बंद झाली. ती तीन किलोमीटरांहून अधिक खोल होती. तेथील भूमी फार पुरातन व थंड जातीची. तरी तळाचा खडक साठ अंशांहून अधिक तापलेला असे, आणि मजुरांस काम करता यावे म्हणून वरून थंड केलेली हवा खाली सोडावी लागे. पृथ्वीच्या अगदी मध्यापाशी ही उष्णता पाच हजार अंशांहून अधिक असावी असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.

ह्या उष्णतेची मुख्य कारणे दोन. पृथ्वी घडली त्या काळची ऊब अद्याप तिच्या पोटात शिल्लक आहे, हे पहिले. दुसरे असे की, खडकांत युरेनियम, थोरियम व पोटॅशियम ह्या द्रव्यांचे जे बारीक अंश असतात त्यांतील काही कण आपोआप फुटत असतात, आणि प्रत्येक फुटण्यात थोडी उष्णता बाहेर पडते. राखेखाली झाकलेला निखारा जसा सकाळपर्यंत धग धरून राहतो, तशी वरच्या खडकांच्या जाड थराखाली ही धग टिकून आहे.

आता ज्वालामुखीच्या भीतीविषयी. सह्याद्रीचा काळा दगड हा एके काळचा लाव्हारस होय, हे खरे. परंतु तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला व केव्हाच थंड झाला. कोकणच्या झऱ्यांखाली आज कोणताही ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे फार खोल उतरते, तेथील स्वाभाविक उष्णतेने तापते, आणि दुसऱ्या एखाद्या भेगेने वर येते. वाटेत ते खडकांतील क्षार व गंधकाचा अंश घेऊन येते. म्हणून त्यास तो विशिष्ट वास येतो. ह्यात भिण्यासारखे काही नाही.

२. ऊन पाण्यापासून वीज कशी होते?

येथे पुष्कळांची समजूत चुकते. वीज पाण्यात नसते, तशीच ती वाफेतही नसते. तांब्याच्या तारांच्या वेटोळ्यांजवळ लोहचुंबक वेगाने फिरत ठेवला म्हणजे त्या तारांत वीज उत्पन्न होते. ज्या यंत्रात हे घडते त्यास जनित्र म्हणतात. मग प्रश्न एवढाच उरतो की, ते फिरवावे कोणी? कोयनेस ते काम उंचावरून पडणारे पाणी करते. चंद्रपुरास कोळशाच्या भट्टीवर केलेली वाफ करते. आणि आज आपण ज्या केंद्रांचा विचार करीत आहो तेथे ते पृथ्वीने तापविलेली वाफ करते. भट्टी नाही, कोळसा नाही, राखेचा ढीग नाही. बाकीची रचना पुष्कळशी तीच. वाफ जोराने एका पात्यांच्या चाकावर सोडतात. त्या चाकास टर्बाइन म्हणतात. टर्बाइन फिरले की त्यास जोडलेले जनित्र फिरते. ह्या कामाच्या तीन रीती आहेत, आणि प्रत्येकीचे एकेक खरे उदाहरण आम्ही देतो.

पहिली रीत, कोरड्या वाफेची. इटली देशाच्या टस्कनी प्रांतात लार्देरेल्लो नावाचे गाव आहे. तेथे जमिनीतून वाफेचे फवारे सतत निघत. १८१८ सालापासून फ्रान्स्वा द लार्देरेल ह्या फ्रेंच गृहस्थाने तेथील चिखलवट पाण्यातून बोरिक ॲसिड काढण्याचा कारखाना चालविला. पाणी आटविण्यास लाकूड लागे, आणि आसपासची राने उजाड होऊ लागली. तेव्हा १८२७ च्या सुमारास त्याने लाकडाऐवजी जमिनीच्या वाफेवरच पाणी आटविण्याची युक्ती काढली. पुढे त्याच्याच नावावरून गावाचे नाव पडले. १९०४ साली त्या कारखान्याचे मालक पिएरो जिनोरी कोंती ह्यांनी ह्या वाफेवर एक लहान यंत्र चालवून विजेचे पाच दिवे लावून दाखविले. पृथ्वीच्या ऊबेवर लागलेले हे जगातील पहिले दिवे होत. १९१३ साली तेथे २५० किलोवॉटचे केंद्र उभे राहिले. १९४४ साली महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तेथील यंत्रे उद्ध्वस्त केली; परंतु लोकांनी ती पुन्हा उभारली, आणि आजही तेथून वीज निघते. तेथे जमिनीखालून निघते ती बहुधा निव्वळ वाफच असते, म्हणून तीच गाळून नळांनी थेट टर्बाइनवर सोडता येते. परंतु अशी कोरडी वाफ जगात फार थोड्या ठिकाणी सापडते.

दुसरी रीत, दाबाखालील पाण्याची वाफ करण्याची. बहुतेक ठिकाणी खाली वाफ नसून फार तापलेले पाणी असते. ते शंभर अंशांच्या वर तापूनही उकळत का नाही, हे समजण्यास घरातील कुकर पाहावा. झाकण घट्ट असल्यामुळे आत दाब वाढतो, आणि दाब वाढला म्हणजे पाणी शंभरावर गेले तरी चटकन उकळत नाही. जमिनीखाली हजार-दोन हजार मीटरांच्या पाण्याचाच भार झाकणासारखा असतो. न्यूझीलंडातील वैराकेई येथे अडीचशे अंशांच्या आसपास तापलेले पाणी जमिनीखाली आहे. विंधन विहिरीने ते वर आणले म्हणजे दाब एकाएकी उतरतो आणि त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होते. मोठ्या पात्रात वाफ व पाणी वेगळी करतात. वाफ टर्बाइनकडे जाते, पाणी बाजूस काढतात. १९५८ साली सुरू झालेले हे केंद्र ह्या रीतीचे जगातील पहिले मोठे केंद्र होय. आज आफ्रिकेतील केनिया देशाची जवळजवळ अर्धी वीज पृथ्वीच्या ऊबेची आहे. तेथील ओल्कारिया येथे १९८१ साली १५ मेगावॉटच्या एका यंत्राने ह्या कामास आरंभ झाला.

तिसरी रीत, दुसऱ्या द्रवाच्या साहाय्याची. ही आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. समजा, पाणी उकळण्याइतके तापलेलेच नाही; तर काय करावे? हातावर स्पिरिट लावले असता ते अंगाच्या ऊबेनेच उडून जाते, हे दवाखान्यात सर्वांनी अनुभविले आहे. असे पुष्कळ द्रव आहेत की जे पाण्यापेक्षा फार लवकर उकळतात. आयसोपेंटेन नावाचा द्रव २८ अंशांवरच उकळतो. म्हणून ऊन पाणी एका नळीतून व असा द्रव तिच्या शेजारून खेळवितात. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. पाणी केवळ आपली ऊब देते. त्या ऊबेने द्रवाची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरविते, मग थंड होऊन पुन्हा द्रव होते आणि पुन्हा त्याच फेऱ्यास लागते. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात चेना नावाच्या ऊन झऱ्यांवर २००६ साली असे केंद्र सुरू झाले. तेथील पाणी केवळ ७४ अंश ऊन आहे. घरातील फ्रिजमध्ये जो द्रव खेळवितात त्याच जातीच्या द्रवावर २०० किलोवॉटचे एकेक यंत्र तेथे चालते, आणि पूर्वी डिझेल जाळून होणारे काम आता झऱ्याचे पाणी करते.

३. जितके घ्यावे तितके परत द्यावे

आता ह्या पाठाचा गाभा येतो. पृथ्वीची ऊब अमर्याद आहे असे ऐकले की मनुष्याचा हात सैल सुटतो. पण ऊब पुष्कळ असली तरी ती वर आणणारे पाणी मोजके असते. पाणी हे ओझे वाहणारे जनावर होय. जनावर मेले तर खळ्यात कितीही धान्य असले तरी ते घरी येत नाही.

कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस 'द गायझर्स' नावाचे वाफेचे मोठे क्षेत्र आहे. तेथे १९६० साली ११ मेगावॉटचे पहिले केंद्र झाले. यश पाहून एकामागून एक केंद्रे उभी राहिली, आणि १९८७ च्या सुमारास त्यांची एकूण शक्ती दोन हजार मेगावॉटांच्या जवळ पोचली. जो तो विहिरी खोदून वाफ ओढू लागला. त्या वाफेचे पुष्कळसे पाणी थंड करण्याच्या मनोऱ्यांतून हवेत उडून जाई व थोडेच खाली परत जाई. थोड्याच वर्षांत विहिरींतील वाफेचा दाब उतरू लागला, उत्पन्न झपाट्याने घटले, आणि कोट्यवधींची यंत्रे अपुऱ्या वाफेअभावी रिकामी राहू लागली. खालचा खडक तापलेलाच होता. आटले होते ते पाणी.

मग त्यांनी उपाय केला. आसपासच्या गावांचे व शहरांचे सांडपाणी स्वच्छ करून ते नळाने डोंगरावर चढवावे आणि जमिनीत सोडावे, असे ठरले. १९९७ साली लेक काउंटीचा नळ व २००३ साली सँटा रोझा शहराचा नळ सुरू झाला. ह्या दुसऱ्या नळाने दररोज सुमारे चार कोटी लिटर पाणी जमिनीत जाऊ लागले. त्यामुळे वाफेची घसरण पुष्कळ अंशी थांबली. जे पाणी नदीत टाकणे शहरास जड झाले होते तेच दिवे लावू लागले. तरी पूर्वीचे शिखर काही परत आले नाही.

वैराकेईची गोष्टही अशीच आहे. तेथे कित्येक वर्षे वाफेतून वेगळे केलेले पाणी जमिनीत न सोडता नदीत सोडीत. परिणाम असा झाला की, एका भागात जमीन हळूहळू काही मीटर खचली, आणि जवळच्या खोऱ्यातील ज्या गरम पाण्याच्या कारंजांस पाहण्यास दुरून लोक येत ती कारंजी बंद पडली. ती पुन्हा उडाली नाहीत. आपल्या ज्या गावांत झरे हेच गावाचे नाव व मान आहेत, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

परत देण्याच्या कामातही विवेक लागतो. खोल खडकांत जोराने पाणी दाबल्यास भूकंपाचे धक्के बसू शकतात. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरी २००६ साली असे धक्के बसले, आणि ते काम थांबवावे लागले. शिवाय खालच्या पाण्यात कधी कधी सोमलासारखी विषारी द्रव्ये व हायड्रोजन सल्फाइड नावाचा घातक वायू असतो. म्हणून विहिरीस पोलादी नळ व सिमेंटचे अस्तर घालतात, की जेणेकरून खालचे पाणी वरच्या गोड्या पाण्यात मिसळू नये. जेथे ही काळजी घेतात तेथे हे केंद्र कोळशाच्या केंद्राहून पुष्कळच निर्मळ असते, आणि ऊन-पाऊस, रात्र-दिवस न पाहता चालत राहते.

४. मग आमच्या गावी का नाही?

कोकणच्या उत्तरेपासून राजापुरापर्यंत ह्या झऱ्यांची जणू एक माळच आहे. त्यांचे पाणी वर येते तेव्हा सुमारे ३४ ते ७१ अंश ऊन असते. भूवैज्ञानिक खात्याने ह्यांपैकी काही ठिकाणी विंधन विहिरी घेऊन पाहणीही केली आहे. वाचक म्हणतील, चेनाचे पाणी ७४ अंश, आमचे ७१. मग अंतर ते काय?

अंतर असे. यंत्रास ऊन बाजू लागते तशी थंड बाजूही लागते, आणि त्या दोहोंत जितका फरक तितके काम. अलास्कात पाणी व हवा दोन्ही बर्फासारखी थंड. आपल्याकडे वैशाखात हवाच ३५ अंश. म्हणून तेवढ्याच ऊन पाण्यापासून येथे वीज बरीच कमी निघेल. अलास्कातही पाण्याने आणलेल्या ऊबेचा दहावा हिस्सासुद्धा विजेत उतरत नाही. खोल जाऊन अधिक तापलेले पाणी शोधावे, तर एकेका विहिरीस कोट्यवधी रुपये लागतात, आणि तळाशी पुरेसे पाणी मिळेल ह्याची हमी नसते.

भारतात सर्वांत आशा आहे ती लडाखातील पुगा खोऱ्याविषयी. ते सुमारे ४,४०० मीटर उंचीवर असून तेथे झऱ्यांचे पाणी उकळत वर येते आणि हवा थंडगार असते. तेथे एक मेगावॉटचे प्रायोगिक केंद्र उभारण्याविषयी २०२१ साली तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने लडाखच्या प्रशासनाशी करार केला.

परंतु विजेविना ऊब व्यर्थ, असे कोणी समजू नये. आइसलंड देशात दहांतील नऊ घरे ह्याच ऊबेने उबदार राहतात, आणि काचेच्या घरांत बर्फाळ दिवसांतही भाजी पिकते. साठ-सत्तर अंशांचे पाणी मासळी, आमसुले, मिरची किंवा धान्य वाळविण्यास उपयोगी पडू शकते, आणि त्यास टर्बाइनची गरज लागत नाही. पावसाळ्यात वाळवणाचे हाल काय होतात हे कोकणातील बायामाणसांस सांगावयास नको.

५. बंधूंस उत्तर

तेव्हा आमच्या उपदेशक बंधूंनी चावडीवर असे सांगावे. गाव भस्म होणार नाही. फुकट विजेची वाट पाहत बसण्यातही अर्थ नाही. ज्या कुटुंबाने खाचराची बोलणी चालविली आहेत त्याने ती आजच थांबवावी. ऐकीव वार्तेवर विकलेली जमीन परत मिळत नाही, आणि झरा गावात असला तरी उद्याचे भात खाचरातूनच येणार आहे.

पुढेमागे खरोखरच कोणी विहीर खोदण्यास आले, तर ग्रामसभेत त्यास चार गोष्टी विचाराव्यात व उत्तरे कागदावर घ्यावीत. वर काढलेले पाणी परत कोठे सोडणार? आमच्या पिण्याच्या विहिरींचे पाणी कोण व किती वेळा तपासणार? आमचा झरा आटला किंवा जमीन खचली तर भरपाई कोणाकडे? आणि घरे हलवावी लागली तर बदली जमीन कोणती, कोणाच्या नावे? केनियात ओल्कारिया येथे २०१४ साली मसाई लोकांच्या वस्त्या हलविल्या गेल्या. पुढे त्यांनी नव्या जागेविषयी जागतिक बँकेकडे तक्रार केली, आणि मध्यस्थांकरवी बोलणी करावी लागली. जी वीज दुसऱ्याच्या घरी दिवा लावते तिच्यासाठी आपले घर सोडणाऱ्याने हे प्रश्न आधी विचारणे हा त्याचा हक्क आहे.

आणि एक गोष्ट सर्वांनीच मनात ठेवावी. लार्देरेल्लोचे दिवे शंभर वर्षांहून अधिक काळ जळत आहेत. गायझर्सची वाफ तीस वर्षे पुरती होण्याच्या आत उतरली. जमिनीखालची धग दोहोंकडे होती. लार्देरेल्लोतही पुढे दाब उतरू लागला तेव्हा लोकांनी पाणी परत सोडण्यास आरंभ केला, आणि गायझर्सनेही अखेर तेच केले. आपल्या गावची साधी विहीर घ्या, तळे घ्या किंवा शेताची माती घ्या. तेथेही हिशेब हाच आहे.

उजळणीसाठी प्रश्न

१. जमिनीत खोल गेल्यास उष्णता का वाढते? दोन कारणे सांगा.
२. कोकणातील झऱ्यांखाली ज्वालामुखी नाही, तर पाणी तापते कसे?
३. शंभर अंशांवर तापलेले पाणी जमिनीखाली का उकळत नाही? घरातील उदाहरण द्या.
४. वीज करण्याच्या तीन रीती कोणत्या? प्रत्येकीचे गाव व देश सांगा.
५. गायझर्स येथे खडक तापलेला असूनही वाफ का कमी झाली, आणि त्यावर कोणता उपाय केला?
६. तुमच्या गावात कोणती गोष्ट घेतली जाते पण परत दिली जात नाही? दोघे-तिघे मिळून विचार करा व पुढील बैठकीत सांगा.